शस्त्रक्रियेआधी मुलाला खरे सांगायला हवे

मुलांच्या शस्त्रक्रियेविषयी आपल्याकडे एक समजूत घट्ट रुजलेली आहे. मूल घाबरणारच. ती भीती तासा-दोन तासांची. हातात मोबाईल द्यावा, 'काही होत नाही रे, मुंगी चावल्यासारखं वाटेल' म्हणावे, गोड बोलून आत न्यावे. नंतर ते सगळे विसरून जाते. ही समजूत केवळ आईवडिलांची नाही. वॉर्डातल्या मावशींपासून अनुभवी शल्यचिकित्सकांपर्यंत अनेक जण ती मनोमन मानतात. नव्या रुग्णालयांनी तिला पैशाचे पाठबळही दिले आहे. भिंतींवर कार्टूनची चित्रे काढली जातात, थिएटरपर्यंत जायला खेळण्यातली मोटार मिळते. हे सारे मायेपोटी होते, याबद्दल मला शंका नाही. तरीही ही समजूत उथळ आहे आणि तिची किंमत मुलांना मोजावी लागते, असे माझे ठाम मत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. शस्त्रक्रियेआधीची मुलाची भीती हा बालहट्ट नव्हे. आपले काय होणार हे ठाऊक नसणे, आपल्या माणसांपासून तोडले जाणे आणि स्वतःच्या शरीराबाबत आपले काहीच न चालणे, या तीन गोष्टींतून ती येते. या तिन्हींवर करमणूक हा इलाज नाही. वयाला झेपेल इतके खरे, योग्य वेळी सांगणे आणि मुलाच्या हाती थोडे तरी काही ठेवणे हा इलाज आहे. आणि तो औषध किंवा भूल यांच्याइतकाच उपचाराचा भाग आहे. सवड मिळाली तर दाखवायचे सौजन्य म्हणून त्याकडे पाहणे चूक आहे.

1. गप्प असलेले मूल

'मूल विसरून जाते' हा या समजुतीचा पाया आहे, आणि तो पाऊणशे वर्षांपूर्वीच ढासळला आहे. 1945 साली डेव्हिड लेव्ही या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने शस्त्रक्रिया झालेल्या मुलांच्या नोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. रात्री दचकून उठणे, अंधाराची भीती, आईला न सोडणे, विनाकारण संताप असे त्रास त्याला पुन्हा पुन्हा आढळले. दुसरे महायुद्ध संपत होते. रणांगणावरून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक आघाताशी त्याने या मुलांच्या अवस्थेची तुलना केली. मूल जितके लहान, तितका धोका अधिक, हेही त्याने नोंदवले.

त्यानंतर 1952 साली लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी 'अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल' हा माहितीपट केला. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करणाऱ्या रॉबर्टसन यांनी बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या लॉरा नावाच्या अडीच वर्षांच्या मुलीचे रोज चित्रण केले. भेटीची वेळ मोजकी ठेवण्याचा तो काळ होता. लॉरा आकांत करत नाही. बराच वेळ ती शांत दिसते, मधूनच चेहरा कसनुसा होतो, हळू आवाजात आईची चौकशी करते आणि शेवटी शेवटी आई आली तरी तोंड फिरवते. वैद्यकीय मंडळींसमोर चित्रपट दाखवला गेला तेव्हा अनेकांना तो आपल्यावरचा अन्याय वाटला. ही मुलगी तर छान रुळली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. काही महिन्यांनी लॉराच्या नजरेस हा चित्रपट योगायोगाने पडला. तेव्हा तू कुठे होतीस, असे तिने आईला रागाने विचारले आणि रडत वडिलांकडे वळली. ती काहीही विसरलेली नव्हती.

वॉर्डाचे शहाणपण याच ठिकाणी फसते. आपण रडणाऱ्या मुलाला घाबरलेले आणि गप्प मुलाला 'गुणी' समजतो. पण गप्प होणे हे पुष्कळदा हार मानणे असते. मुलाला शांत करणे एवढेच उद्दिष्ट ठेवले, तर हार मानलेले मूल आपल्याला यश वाटू लागते. ब्रिटनमध्ये हे समजून घेणारा माणूस अस्थिशल्यचिकित्सक होता. सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने 1959 साली अहवाल दिला. मुलांना भेटण्यावर वेळेचे बंधन नको, लहान मुलांबरोबर आईला राहू द्यावे, अशा शिफारशी त्यात होत्या. रुग्णालयांनी त्या पचवायला पुढची अनेक वर्षे घेतली.

2. भीती शरीरात उतरते

पहिला मुद्दा मनाचा झाला. ज्यांना मनाचा मुद्दा दुय्यम वाटतो त्यांच्यासाठी दुसरा शरीराचा आहे. येल विद्यापीठात झीव केन या भूलतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात मुलांची शस्त्रक्रियेआधीची भीती मोजण्याची पद्धत बसवली. मुलाच्या हालचाली, आवाज, चेहरा, सावधपणा आणि पालकांना बिलगणे या गोष्टी पाहून गुण द्यायचे, अशी ती पद्धत आहे. जगभर ती वापरली जाते. म्हणजे भीती मोजता येत नाही, ही सबब गेली.

मोजल्यावर काय दिसले? टॉन्सिल आणि ॲडेनॉइडच्या शस्त्रक्रियेला आलेल्या 5 ते 12 वर्षांच्या 241 मुलांचा त्यांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. आधी जास्त घाबरलेल्या मुलांना नंतर वेदना जास्त झाल्या, घरी गेल्यावरही वेदनाशामके जास्त लागली, झोप बिघडली. भुलीतून बाहेर येताना मूल कधी कधी कुणालाच ओळखत नाही, हातपाय झाडते, सलाईन ओढते. हा प्रकार घाबरलेल्या मुलांत 9.7 टक्के, तर कमी घाबरलेल्यांत 1.5 टक्के आढळला. शस्त्रक्रिया तीच, भूल तीच.

अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही, हे मान्य. मुळातच हळव्या मुलांना दोन्ही गोष्टी अधिक होत असतील. पण नाडीचे ठोके आणि हिमोग्लोबिन नोंदवल्याशिवाय आपण मुलाला टेबलावर घेत नाही. वेदना आणि झोप यांच्याशी इतकी जोडलेली गोष्ट केसपेपरवर साधी नोंदलीही जात नाही, याचे समर्थन कोणत्याही वैद्यकीय तर्काने करता येणार नाही.

3. खोट्याचा हिशेब

'आपण फोटो काढायला चाललोय.' 'डॉक्टरकाका फक्त बघणार आहेत.' 'अजिबात दुखणार नाही.' ही वाक्ये आपण सगळ्यांनी ऐकली आहेत, पुष्कळांनी उच्चारलीही आहेत. त्यांच्यामागचा हेतू मुलाला वाचवण्याचा असतो. परिणाम उलटा होतो, कारण सुई टोचते त्या क्षणी मूल दोन गोष्टी शिकते: हे दुखते, आणि आईला ते माहीत होते. वेदना ओसरते. दुसरा धडा राहतो, आणि पुढच्या वेळी आई खरे सांगत असली तरी तिच्या शब्दाला वजन उरत नाही.

ज्याची एकच छोटी शस्त्रक्रिया व्हायची आहे, त्याच्या बाबतीत हे कदाचित निभावून जाईल. पण दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेल्या मुलाचा विचार करा. ओठाची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांत, टाळूची वर्षाच्या आसपास, हिरडीत हाड बसवण्याची साधारण आठ ते अकरा या वयात, शिवाय अधूनमधून आणखी काही. भाजलेल्या मुलाचे ड्रेसिंग आठवडेन् आठवडे चालते. रक्ताच्या कर्करोगाचे मूल दोन-तीन वर्षे पाठीत आणि हातात सुया घेत राहते. या मुलांचे रुग्णालयाशी नातेच जडते. पहिल्याच दिवशी ते नाते खोट्यावर उभे केले, तर पुढच्या प्रत्येक भेटीत सगळ्यांनाच त्रास होतो.

'काही होत नाही' हा धीरही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. कॅनडातील संशोधकांनी रक्त काढून घेतलेल्या मुलांनाच विचारून पाहिले. पालक 'घाबरू नकोस' म्हणतात तेव्हा मुलांना ते पालक स्वतःच घाबरलेले वाटतात, असे 2010 सालच्या त्या अभ्यासात दिसले. यात नवल नाही. जिथे भिण्यासारखे काही नसते तिथे कुणी 'भिऊ नकोस' म्हणत नाही, एवढे मुलालाही कळते.

या सगळ्याची पूर्वतयारी आपण घरी वर्षानुवर्षे करत असतो. 'जेवला नाहीस तर डॉक्टर सुई देतील' ही धमकी मराठी घरांत अजूनही सर्रास चालते. साधारण चार ते सात वर्षांच्या मुलांना आजार ही शिक्षा वाटू शकते, हे बालमानसशास्त्र सांगते: मी दूध सांडले, आजीचे ऐकले नाही, म्हणून मला इथे आणले. आपली धमकी या समजुतीवर शिक्कामोर्तब करते. म्हणून या वयाच्या मुलाला एक वाक्य मुद्दाम सांगावे लागते: 'हे तुझ्या कुठल्याही चुकीमुळे झालेलं नाही.' ते कुणीच सांगत नाही, कारण मुलाच्या मनात असे काही असेल, हे मोठ्यांच्या ध्यानातच येत नाही.

4. खरे म्हणजे किती, आणि केव्हा?

इथे पहिला मोठा आक्षेप येतो: सांगितले तर मूल उलट जास्त घाबरेल. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, त्यात तथ्य आहे. केन यांच्याच पाहणीत तयारीचा फायदा वयावर आणि वेळेवर अवलंबून असल्याचे दिसले. सहा वर्षांवरच्या मुलांना पाच ते सात दिवस आधी सांगितले तर उपयोग झाला. अगदी आदल्या दिवशी सांगितल्यावर विचार करायला, प्रश्न विचारायला सवडच उरत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांना अशा माहितीचा लाभ होत नाही. ज्यांचा आधीचा अनुभव वाईट आहे, त्यांची भीती सरधोपट माहितीने वाढूही शकते. यातून 'सांगू नये' असा निष्कर्ष निघत नाही. औषधासारखीच याचीही मात्रा वयाप्रमाणे ठरवावी लागते, एवढाच अर्थ निघतो.

दोन वर्षांच्या मुलाला शब्द फारसे पोहोचत नाहीत. त्याचे माणूस शेवटच्या क्षणापर्यंत जवळ असणे आणि डोळे उघडताना समोर असणे, हेच त्याच्यासाठी खरे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला असे सांगता येते: 'तुझ्या जांघेत जी गाठ येते ना, ती डॉक्टर नीट करणार आहेत. तेव्हा तुला औषधाने एक वेगळी झोप येईल. रात्रीच्या झोपेसारखी नाही. या झोपेत काही दुखत नाही आणि काम संपेपर्यंत तू मध्येच जागा होत नाहीस. उठशील तेव्हा थोडं दुखेल, त्याचं औषध सिस्टर देतील.' यात खोटे काही नाही, आणि सुरी, टाके, रक्त यांचे वर्णनही नाही. 'रात्रीच्या झोपेसारखी नाही' हे शब्द गाळू नयेत. नाहीतर मूल घरी अंथरुणावर पडायलाही भिऊ लागेल. दहा-बारा वर्षांनंतर प्रश्न बदलतात. मी मध्येच जागा झालो तर? उठलोच नाही तर? कपडे कोण काढणार? शेवटचा प्रश्न मुले-मुली तोंडाने विचारत नाहीत. तो विचारलेला आहे असे धरूनच उत्तर द्यावे.

माहितीबरोबर निवडही द्यायला हवी, पण खरी. 'आत जायचं का?' हा प्रश्न विचारूच नये, कारण 'नाही' हे उत्तर आपण स्वीकारणार नसतो. सुई डाव्या हाताला की उजव्या, मास्क स्वतः धरणार की डॉक्टरांनी धरायचा, बसून की झोपून, बाहुली बरोबर आणायची की बाबांकडे ठेवायची? हे प्रश्न खरे आहेत, कारण त्यांचे कोणतेही उत्तर चालते.

तयारीचा उपयोग होतो याचा पुरावा जुना आहे. 1975 साली बार्बरा मेलामेड आणि लॉरेन्स सीगल यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेला आलेल्या ईथन नावाच्या सात वर्षांच्या मुलाचा छोटा चित्रपट इतर मुलांना दाखवला. ईथन शूर नाही. आपल्याला भीती वाटली हे तो सांगतो आणि मग आपण ते कसे निभावले हेही सांगतो. तो पाहिलेल्या मुलांची भीती शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही कमी राहिली. मुलांना त्यात आपल्यासारखेच एक मूल भेटले.

5. आई आत असली म्हणजे झाले?

उलट टोकाची एक समजूत आहे, आणि तीही मला उथळच वाटते: आईला थिएटरात येऊ द्या, प्रश्न मिटेल. भूल देताना पालकाच्या नुसत्या उपस्थितीने मुलाची भीती कमी होत नाही, असे वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2015 सालच्या आढाव्यात दिसून आले. लॉराच्या कहाणीशी हे विसंगत नाही. आठ दिवस आईविना वॉर्डात राहणे वेगळे आणि भुलीची ती दोन मिनिटे वेगळी. त्या दोन मिनिटांत काय करायचे हे आईला कुणी सांगितलेलेच नसेल, ती हिरव्या गाऊनमध्ये थरथरत उभी असेल, तर मुलाला तिची भीतीच दिसणार.

पालकांना आधी शिकवून आत नेले, तर चित्र बदलते. केन यांच्या गटाने 2007 साली 408 मुलांवर केलेल्या चाचणीत एका गटाच्या कुटुंबांना चित्रफीत, घरी सरावासाठी मास्क आणि काय बोलावे, काय टाळावे याचे धडे दिले. फाजील धीर देऊ नका, असा स्पष्ट नियमच त्यात होता. ही मुले शस्त्रक्रियेपूर्वी इतर सर्व गटांपेक्षा कमी घाबरलेली होती. भूल देताना ती मिडाझोलाम हे भीती शमवणारे औषध दिलेल्या मुलांइतकीच शांत होती. शिवाय त्यांना नंतर वेदनाशामक कमी लागले आणि ती रिकव्हरी कक्षातून लवकर बाहेर आली.

6. मोबाईल, विदूषक आणि गोड औषध

मी लक्ष वळवण्याच्या विरोधात नाही. मास्क लावताना आवडीचे गाणे, गोष्ट, मोबाईलवरचा खेळ यांचा त्या क्षणी उपयोग होतो, आणि केन यांच्या वरच्या चाचणीतही ते होतेच. माझा विरोध आहे तो तेवढ्यावरच थांबण्याला. मोबाईल त्या दहा मिनिटांचा सोबती आहे. रात्री तीन वाजता सलाईनच्या हाताकडे बघत जागे असलेल्या मुलाला तो काहीच समजावत नाही.

विदूषकांचीही गोष्ट बोलकी आहे. फ्लॉरेन्समध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भूल देताना पालकासोबत विदूषकही आत होते. मुलांची भीती स्पष्टपणे कमी झाली. कर्मचाऱ्यांनीही हे मान्य केले, आणि तरी कामात व्यत्यय येतो म्हणून बहुतेकांनी हा उपक्रम पुढे चालवायला नकार दिला. थिएटर कुणाच्या सोयीने चालते याचे इतके प्रामाणिक उत्तर क्वचितच मिळते.

राहिले औषध. मिडाझोलाम हे उपयुक्त औषध आहे. काही मुलांना ते हवेच: फार लहान, अतिशय घाबरलेली, स्वमग्न, किंवा तातडीची शस्त्रक्रिया असल्याने ज्यांच्या तयारीला वेळच नाही अशी. पण ते मुलाला घट्ट धरून जबरदस्तीने पाजले, तर ज्या भीतीसाठी ते दिले तीच आधी निर्माण होते.

7. 'आमच्याकडे वेळ कुठे आहे?'

हा सर्वांत प्रामाणिक आक्षेप. जिल्हा रुग्णालयात एका भूलतज्ज्ञापुढे सकाळची लांबलचक यादी असते. त्याला बालमानसशास्त्र शिकवणे अन्यायाचे वाटू शकते. पण मी मागतो आहे त्यातले बहुतेक काही वेळ किंवा पैसा मागत नाही.

उपाशी ठेवण्यापासून सुरुवात करू. 'रात्री दहानंतर काही देऊ नका' हा सरसकट आदेश आजही दिला जातो आणि मुलाचा नंबर दुपारी एकला लागतो. तोपर्यंत चार वर्षांचे मूल तहानेने रडवेले झालेले असते. त्याला आपण भित्रे म्हणतो. घन आहारासाठी सहा तास आणि आईच्या दुधासाठी चार तास हा नियम जुना आहे. पाण्यासारख्या स्वच्छ द्रवासाठी दोन तास पुरेसे मानले जात. 2018 साली ब्रिटन आणि युरोपातील बालभूलतज्ज्ञांच्या संघटनांनी तेही एका तासावर आणले. प्रत्येक मुलाच्या कागदावर 'अमुक वाजेपर्यंत पाणी द्या' असे मराठीत लिहायला, सर्वांत लहान मुलाला यादीत पहिले घ्यायला आणि यादी लांबली तर थिएटरातून वॉर्डात एक फोन करायला अनुदान लागत नाही.

दुसरे, भूलपूर्व तपासणी. ती होतेच. त्यात सगळे प्रश्न आईला विचारले जातात आणि मूल टेबलाच्या कडेला उभे असते. तेवढ्यात मास्क मुलाच्या हातात द्यावा, बाहुलीला लावून बघू द्यावा, जमल्यास घरी न्यायला द्यावा. तिसरे, मावशी आणि वॉर्डबॉय. मुलाला आईच्या कडेवरून घेणारे हात त्यांचे असतात. 'चल, उशीर होतोय' म्हणायचे की 'मी तुला आत नेते, आई या दारापाशी बसली आहे' म्हणायचे, हे त्यांना कुणी शिकवत नाही. डॉक्टरांच्या परिषदांत या विषयावर व्याख्याने होतात, पण ती या माणसांपर्यंत पोहोचत नाहीत.

आणि भाषा. नंदुरबारचे भिली बोलणारे, मेळघाटातले कोरकू किंवा गडचिरोलीतले माडिया बोलणारे मूल जिल्ह्याच्या ठिकाणी येते, तेव्हा आपली समजूतदार मराठी वाक्येही त्याला परकीच असतात. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुले तपासतात आणि जन्मजात व्यंग असलेल्यांना शस्त्रक्रियेसाठी पाठवतात. व्यंग सापडणे आणि शस्त्रक्रिया होणे यात अनेकदा बराच काळ जातो. तयारीसाठी हवा असलेला अवधी तो हाच, आणि तो आज वाया जातो आहे. त्या मुलाच्या बोलीतली दहा चित्रांची एक पुस्तिका अंगणवाडीताईंच्या हातात का असू नये? मुलाला आधीपासून ओळखणारी, त्याची भाषा बोलणारी ताई वॉर्डात नंतर कुठून आणणार?

8. संमती पालकांची, शरीर मुलाचे

भारतात मुलाच्या शस्त्रक्रियेला पालकांची संमती लागते, आणि ते योग्यच आहे. पण सहीचा अधिकार पालकांकडे असणे म्हणजे मुलाला अंधारात ठेवण्याचा अधिकार असणे नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतील बाराव्या कलमानुसार, स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि वयानुसार ते विचारात घेतले जाण्याचा मुलाला हक्क आहे. भारताने ही संहिता 1992 साली स्वीकारली. ज्याला काय होणार हेच सांगितलेले नाही, ते मूल मत कशाच्या आधारे मांडणार?

ज्या पालकांच्या मुलाची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांनी भूलतज्ज्ञांना भेटल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात: पाणी नेमके किती वाजेपर्यंत द्यायचे, मास्क मुलाला आधी दाखवाल का, आणि ते जागे होईल तेव्हा आमच्यापैकी एकाला त्याच्याजवळ बसू द्याल का. हे विचारण्यात उद्धटपणा नाही. उत्तर नकारार्थी आले, तर कारण विचारावे. आणि ज्यांच्या घरी आज कुणाचीही शस्त्रक्रिया ठरलेली नाही, त्यांनी सुईची धमकी आजपासूनच बंद करावी.